नवमीसाठी धुतलेला कोळसा

मी कमी बोलते. लहानपणापासूनच तशी आहे. परतूरला शाळेत होते तेव्हा बाईंनी नाव पुकारलं तरी हजेरी माझ्याऐवजी शेजारची मुलगी द्यायची. चौथीनंतर शाळा सुटली, पण ही सवय सुटली नाही. लग्न होऊन जालन्याला आले तेव्हा भाजीवाल्याशी नवरा बोलायचा. पुढे मुलाम्याच्या कारखान्यात कामाला लागले, तिथे सोबत काम करणाऱ्या काकू बोलायच्या.

कारखाना म्हणजे मस्तगडच्या एका गल्लीतल्या दोन खोल्या. पितळेच्या बांगड्या, कानातली, मंगळसूत्राच्या वाट्या बाहेरून तयार होऊन येतात, आम्ही त्यांच्यावर सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा चढवतो. मुलामा मालक स्वतः देतात. माल तारेला टांगणं, मुलाम्यातून निघाला की धुणं, वाळवणं आणि पाकिटात भरणं ही कामं माझी आणि काकूंची. काकू माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या, आणि कारखान्यात माझ्या आधीपासूनच्या. किल्ली त्यांच्याकडेच असायची. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान चालवतात. तिथे अजून कोळशाची इस्त्री आहे, आणि ती पुढे महत्त्वाची आहे.

मला सुट्टी हवी असली की मी काकूंना सांगायची आणि काकू मालकांना सांगायच्या. मालक दोन हातांच्या अंतरावर उभे असायचे, तरी असंच चालायचं.

"मालक, हिला उद्या पोरीच्या शाळेत जायचंय."

"तिला तोंड न्हाई का?"

"हाय की. पण ते फक्त जेवायला ठेवलंय तिनं."

मालक हसायचे, काकू हसायच्या, मीही खाली बघून हसायची, आणि सुट्टी मिळायची.

मुलाम्यातून काढलेला दागिना तीन टबांत धुतात. मी आधी समजायची की टबातलं पाणी म्हणजे नुसतं पाणी. दागिन्याला चिकटून सोनं किती जाणार? पण वर्षभराचं पाणी म्हटलं तर थेंब थेंब करून बरंच जातं, म्हणून मालकांनी एक नवीन पाइप बसवला. पांढरा, उभा, माझ्या छातीएवढा उंच. त्यात काळा कोळसा भरलेला. धुण्याचं पाणी वरून हळूहळू सोडायचं, ते कोळशातून झिरपत खाली यायचं आणि तोटीतून निळ्या ड्रममध्ये पडायचं. हा कोळसा चुलीतला नाही. नारळाच्या करवंटीचा, ज्वारीच्या दाण्याएवढा बारीक आणि कडक.

तो बसवायला संभाजीनगरहून एक सर आले होते. आम्ही त्यांना केमिकलवाले सर म्हणायचो. फार चांगला माणूस. मालकांना समजावताना आम्हालाही ऐकू जाईल असं बोलायचे.

"सोनं एकटं पाण्यात विरघळत नाही," ते म्हणाले. "सायनाइडशी त्याची जोडी जमली की मग ते पाण्यात राहतं. दिसत नाही, पण असतं. कोळसा हातात घेऊन बघा, भरीव वाटतो ना? आत नुसती भोकं आहेत. डोळ्यांना न दिसणारी. ही सोन्याची जोडी त्या भोकांत जाते आणि भिंतीला धरून बसते."

"आन् चांदी?" काकूंनी विचारलं. काकू कुणालाही काहीही विचारायच्या.

"चांदीचीही तशीच जोडी जमते, तीही बसते. पण तिची पकड सैल. चांदी आधी येऊन बसली आणि मागून सोनं आलं, तर चांदीला जागा सोडावी लागते. म्हणून दोन्हींचं पाणी एकत्र करू नका, चांदीला दुसरा पाइप ठेवा."

"म्हंजी सून आली की सासूनं उठायचं!" काकू म्हणाल्या. "आमच्या घरी हेच चालू हाय."

मालकांनी तेव्हा विचारलं होतं की बोअरच्या पाण्याचे डाग पडतात, तर सगळंच धुणं विकतच्या, फिल्टर केलेल्या जारच्या पाण्यानं करावं का. आमचं बोअरचं पाणी असं आहे की बादली दोन दिवस तशीच ठेवली तर काठाला पांढरी किनार येते. सर म्हणाले, "शेवटचा टब फक्त जारच्या पाण्याचा ठेवा. बाकी बोअरचंच राहू द्या. त्यातला चुना सोन्याला कोळशावर धरून ठेवायला मदत करतो."

"घ्या!" काकू म्हणाल्या. "जालन्याचं पाणी माणसाला पचंना, कोळशाला पचून राह्यलंय."

सर आणखीही काही बोलले. मी तेव्हा झुमके तारेला टांगत होते. कान तिकडे होता, लक्ष अर्धं झुमक्यांत होतं. त्या अर्ध्या लक्षातलं मला पुढे कामाला आलं, पण उशिरा.

सहा-सात महिने कोळसा तसाच चालला. तो बघायला मला आवडायचं, का ते सांगता येत नाही. सगळं सोनं पोटात घेऊनही तो पहिल्या दिवसासारखाच काळा होता. वजनातही फरक कळत नव्हता. बाहेरून कुणाला दिलं असतं तर त्यानं शेगडीत घातलं असतं.

नवरात्र आलं. मालकांच्या घरी खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. आदल्या दिवशी, अष्टमीला, मालकीणबाई येऊन सांगून गेल्या, "चिमटे, तारा, टब, मशीन, सगळं गरम पाण्यानं स्वच्छ धुवून ठेवा. एक वस्तू राह्यली न्हाई पाह्यजे." आमच्या घरी ही पूजा नसते. दसऱ्याला आमचं विहारात जाणं असतं, पांढरी साडी आधीच धुवून ठेवलेली असते. पण मालकांचा सण मालकांसारखा करायचा, यात मला कधी काही वाटलं नाही. आणि धुण्याच्या कामात मला बोलावं लागत नाही, म्हणून ते मला आवडतं.

त्या दिवशी काकू पाकिटं पोहोचवायला सराफ्यात गेल्या होत्या. मालकही बाहेर होते. मी चिमटे धुतले, टब घासले, मशीन पुसली. मग पाइपकडे बघितलं. वरच्या कोळशावर पॉलिशच्या मेणाची साय आली होती, चिकट, मळकट. मनात म्हटलं, एक वस्तू राहायला नको.

माल मुलाम्याला घालण्याआधी त्याचा तेलकटपणा काढायला आम्ही कॉस्टिकचं गरम पाणी वापरतो. मेण त्यानेच निघतं हे मला माहीत होतं. हातमोजे घातले आणि तेच पाणी वरून सोडलं, तासभर आत मुरू दिलं. मग साधं पाणी घालायचं, तर बोअरच्या पाण्याचा पांढरा डाग पडेल, पूजेला बरं दिसणार नाही. म्हणून जारचं चांगलं पाणी हीटरवर उकळेपर्यंत तापवलं आणि दुपारभर थोडं थोडं करून कोळशावर घातलं. खालच्या तोटीतून स्वच्छ, वाफाळतं पाणी येत होतं. कारखान्याचा नियम होता की टबांचं पाणी गटारीत जायचं नाही, निळ्या ड्रममध्येच जायचं. मी तेही पाळलं.

कोळसा चकचकीत दिसत होता. दुसऱ्या दिवशी पाइपला झेंडूची माळ घातली तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "किती स्वच्छ केलंय!" कुणी केलं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दसऱ्यानंतर मालकांनी कोळसा काढून गाळणीवाल्याकडे पाठवला. तो कोळसा जाळतो आणि राखेतून सोनं वितळवून काढतो. दिवाळीच्या कामाआधी ते हातात यावं, असं मालकांचं म्हणणं होतं. आठ दिवसांनी निरोप आला की कोळशात फार काही नाही. मालकांनी जेवढं धरलं होतं त्याच्या जवळपासही नाही.

मालक त्या सकाळी कारखान्याच्या पायरीवर उभे होते. काकू किल्ली कमरेला लावून समोरून येत होत्या. मी त्यांच्या मागे होते.

"कोळसा बदलला कुणी?" मालक तिथूनच म्हणाले.

"कोणता कोळसा?"

"पाइपातला. सोन्याचा कोळसा काढून साधा भरला कुणीतरी. किल्ली तुमच्याकडं. अन् कोळसा तुमच्या घरात पोत्यानं येतो."

काकूंना आधी ती थट्टाच वाटली. त्या हसल्यासुद्धा. मग त्यांच्या लक्षात आलं की मालक हसत नाहीत. समोरचा पाटल्यावाला, शेजारचा शिंपी, चहावाला, सगळे बाहेर आले होते.

"मालक, आमचा कोळसा बघितलाय का? मुठीएवढे खडे असतेत. तुमचा दाणा दाणा. मी काय खलबत्त्यात कुटीत बसले?"

"ते मला नका सांगू. घरी जा तुम्ही."

काकूंनी कमरेची किल्ली काढून पायरीवर ठेवली. हातात दिली नाही, ठेवली. मग माझ्याकडे एकदा बघितलं. तुझं काय म्हणणं, असं काही त्या बघण्यात नव्हतं. नुसतं बघितलं आणि गेल्या. काकांचं दुकान त्याच गल्लीत, त्यामुळे जायला फार लांब नव्हतं. तेवढं अंतर सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती.

खरं सांगते, त्या क्षणी मला काही कळलं नव्हतं. मी आत जाऊन तारा उचलल्या. दुपारी नवीन कोळसा पाइपात भरताना मालक रागाने म्हणाले, "सोनं काय पाय फुटून जाईल का यातून?" तेव्हा माझ्या हातातला झुमका थांबला. केमिकलवाले सर पहिल्या दिवशी जे बोलले होते, ते अर्ध्या लक्षातलं, ते सगळं आठवलं. ते म्हणाले होते, "मोठ्या कारखान्यात कोळसा जाळत नाहीत. कॉस्टिकच्या पाण्यात भिजवतात आणि मग चुना नसलेल्या उकळत्या पाण्यानं धुतात. थंड, जड पाण्यात धरलेलं सोनं गरम, हलक्या पाण्यात सुटतं. कोळसा परत वापरता येतो."

मी नेमकं तेच केलं होतं. कॉस्टिक, जारचं पाणी, उकळतं. दुपारभर.

म्हणजे सोनं चोरीला गेलं नव्हतं. ते निळ्या ड्रममध्ये होतं; पाइप रिकामा होता म्हणून अष्टमीनंतर तो ड्रम उपसलाच नव्हता. माझ्यापासून चार पावलांवर.

कुणीही म्हणेल, मग सांगायचं ना लगेच. मी मालकांशी आजवर एक पूर्ण वाक्य बोलले नव्हते. माझं बोलणं जी बाई बोलायची तिलाच घरी पाठवलं होतं. आणि सांगायचं ते काय, तर सोनं मी घालवलं. घरी नवऱ्याला सांगितलं. ते लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीवर आहेत, दमून आले होते.

"तू गप राह," ते म्हणाले. "त्यांचं त्यांच्यात. तुझं नाव आलं का? न्हाई ना? मंग?"

मग मी गप्प राहिले. त्यात मला काही कष्ट नव्हते, तेच मला येत होतं.

पण ड्रम भरत होता. ड्रमला आतून तांबडी खूण आहे. पाणी खुणेला लागलं की मालक ते उपसून दुसऱ्या टाकीत घेतात, त्यात ब्लीचिंग पावडर टाकून सायनाइड मारतात आणि मग पाणी सोडून देतात. खूण कधी लागेल ते माझ्या हातात होतं, कारण रोजचं पाणी पाइपात मीच सोडायची. पहिल्या दिवशी खूण हातभर वर होती. दुसऱ्या दिवशी माल जास्त होता. मी कमी पाण्यात धुवायला बघितलं तर मालक म्हणाले, "डाग राहतील, पाणी घाला की." तिसऱ्या दिवशी वीतभर उरली. रोज येता-जाता इस्त्रीच्या दुकानावरून जावं लागायचं. काकू आत बसलेल्या असायच्या, शर्टाची घडी घालत. मी मान खाली घालायची. एकदा त्यांनी हाक मारली, "जेवलीस का गं?" मी हो म्हटलं आणि पुढे गेले. त्यांनी मला जेवण विचारलं, हे मला अजूनही आठवतं आणि अजूनही बरं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरीच्या वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहायला बसले. "मालकांस, कोळसा" इथवर लिहिलं. कोळसा किती उगाळला तरी काळाच, असं म्हणतात. मी तो शब्दच उगाळत बसले, पुढे गेले नाही.

चौथ्या दिवशी मालकांनी ब्लीचिंगचं पोतं ओढत आणलं. त्याचा वास नाकात गेला. ड्रमला चार बोटं उरली होती. मालक बादली घेऊन वाकले.

"नका."

आवाज माझाच होता, पण मला मागून आल्यासारखा वाटला. मालक वळले. त्यांनाही आधी कळेना कोण बोललं, कारण खोलीत मी एकटी होते आणि मी तर कधी बोलत नसे.

"सोनं त्यात हाय," मी म्हटलं. "ड्रममधी. कोळसा मी धुतला. अष्टमीला. कॉस्टिकनं आन् जारच्या उकळत्या पाण्यानं. सर म्हणले होते तसंच झालं. काकूनं काहीच केलं न्हाई."

मालकांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "धुतला? कोळसा कोण धुतं?"

"बाई म्हणल्या, एक वस्तू राह्यली न्हाई पाह्यजे."

त्यांनी सरांना फोन लावला. मी उभी होते. फोनमधून सरांचं हसणं मला ऐकू आलं, मग मोठ्याने विचारणं, "पाणी फेकलं का? ब्लीचिंग टाकलं का? मग हात लावू नका, मी येतो."

दुसऱ्या दिवशी सर आले. त्यांनी मला कॉस्टिक, हीटर, किती वेळ, सगळं नीट विचारलं आणि मी सगळं सांगितलं. एवढं मी एका दिवसात कधी बोलले नव्हते. ते मालकांना म्हणाले, "या ताईंनी मोठ्या कारखान्याचं काम बादलीनं केलं. सगळं सुटलं नसेल, पण बरंच सुटलं असणार." मग त्यांनी ड्रममधलं गार झालेलं पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून नव्या कोळशावर सोडलं. तीन दिवस ते थेंब थेंब गळत होतं. वरून पडणारं पाणी आणि खाली येणारं पाणी दिसायला सारखंच. विश्वास ठेवण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं.

तो कोळसा गाळणीवाल्याकडे गेला. या वेळी मालक स्वतः तिथे बसून राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कागदाची पुडी होती. उघडली तर आत पिवळा रवा, एकच गोळी, वाटाण्यापेक्षा लहान. पुडी त्यांनी माझ्यासमोरच उघडली, पण माझ्याकडे न बघता. धरलं होतं त्यातलं सगळं मिळालं नव्हतं. जे गेलं त्याचा विषय पुढे कुणी काढला नाही, माझ्या पगारातूनही ते कापलं नाही.

मला वाटलं, आता काकू उद्यापासून येतील. मालक इस्त्रीच्या दुकानात गेले, मीही मागून गेले. मालक म्हणाले, "चूक झाली बाई. या उद्यापासून."

काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली. "मालक, चोर म्हणले ते कुठं म्हणले?"

"आता जाऊ द्या ना."

"पायरीवर म्हणले. तर चूक झाली तेबी पायरीवरच म्हणा. सकाळी धाला. तवा पाटल्यावाला दुकान उघडतो."

मालक निघून गेले. मी थांबले. काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"कोळशाला आंगुळ घातलीस?"

मी मान हलवली.

"आन् चार दिस कळून गप राह्यलीस?"

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी इस्त्री उचलली. "जा घरी," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी दहाला काकू आल्या. पायरीखाली उभ्या राहिल्या, पदर खोचून. पाटल्यावाला दुकानाच्या फळ्या काढत होता. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. मालक पायरीवर आले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "बाई, तुमचा काही दोष नव्हता."

"ऐकू येईना, मालक."

मालकांचा चेहरा तांबडा झाला. त्यांना तेच वाक्य पुन्हा म्हणता येईना. तोंड उघडायचे आणि मिटायचे. मी दारात उभी राहून ते बघत होते. तोंडाशी आलेलं वाक्य अडकतं तेव्हा माणूस कसा दिसतो, ते मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडावर बघत होते.

मी पायरी उतरले. गल्लीत आले, काकूंच्या शेजारी.

"कोळसा मी धुतला," मी म्हटलं. शिंप्याच्या दुकानापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "सोनं माझ्या हातून गेलं होतं. काकूनं चोरलं न्हाई. मला माहीत होतं, मी सांगितलं न्हाई."

शिंप्याची मशीन थांबली. मालकांनी मग घसा साफ केला आणि म्हणाले, मोठ्याने, "चूक माझी झाली. बाई चोर न्हाईत." आणि कमरेची किल्ली काढून काकूंच्या हातात दिली.

काकू आत गेल्या, हातमोजे घातले, पहिल्या टबाशी उभ्या राहिल्या. दिवसभर आम्ही कामाचंच बोललो. त्या माझ्यावर पूर्वीसारख्या हसायला लागल्या त्याला बरेच दिवस गेले, आणि ते मला पटतं.

पाइपाला आता मालकांनी पत्र्याची पाटी लावली आहे, "धुऊ नये." नवमीला त्याला नुसतं हळदकुंकू लागतं, लांबूनच.

मागच्या महिन्यात पोरीच्या शाळेत जायचं होतं. मी सवयीने काकूंना सांगितलं. काकू तारेला बांगड्या टांगत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मालक तिकडं उभे हायेत," त्या म्हणाल्या. "अन् तुझा आवाज शिंप्यापर्यंत जातो, मी ऐकलाय."

मी हात पुसले आणि मालकांकडे गेले.